दाराबाहेरची खुर्ची

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर बसलात तर तुमचे गुडघे वर येतील. मी एक जुनी, बुटकी, बिनहातांची खुर्ची आहे. डोंबिवलीच्या एका प्रसूतिगृहासाठी नाथा सुताराने मला मुद्दाम अशी केली, बाळाला पाजणाऱ्या आईचे पाय जमिनीला नीट टेकावेत म्हणून.

माझी जागा लसीच्या खोलीत होती. शालन सिस्टर आईला माझ्यावर बसवायच्या, बाळाचे झबले सोडून त्याला उघड्या छातीशी धरायला लावायच्या. "आधी दूध, मग सुई," हे त्यांचे ठरलेले वाक्य. बाळ नीट ओढून पिऊ लागले, की दोन-तीन मिनिटांनी सिस्टर त्याच्या मांडीत सुई टोचत. बाळ दचकायचे, एकदा कळवळायचे आणि पुन्हा प्यायला लागायचे. मला तेव्हा चांगलीच मिजास होती, खोटे कशाला सांगू?

पुढे शालन सिस्टर निवृत्त झाल्या. गर्दी वाढली. बाळांना टेबलावर उताणे ठेवून पाय दाबून धरू लागले आणि माझ्यावर रजिस्टरे चढली. एके दिवशी एक आई ते पाहता पाहता उभ्याउभ्याच चक्कर येऊन पडली. त्यावर उपाय काय निघाला? दारावर पाटी लागली, 'आईने बाहेर थांबावे'. आणि आईला बसायला म्हणून मला बाहेर काढले! माणसांच्या अकलेचे मला नवल वाटते.

गेल्या वर्षी शीळफाट्याजवळ राहणारी ऋतिका तीन दिवसांच्या नीलला घेऊन दाराशी आली. सोबत सासू, आवडाबाई.

"सिस्टर, मी पाजत बसू का? शांत राहील तो," ऋतिकाने विचारले.

"नको, ठसका लागेल. तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला बघवणार नाही," नवी सिस्टर ऐश्वर्या म्हणाली. शालन सिस्टरांच्या इतक्या वर्षांत तो ठसका मी एकदाही पाहिला नव्हता.

"रडूं दे गो," बाळ घेऊन आत जाताना आवडाबाई म्हणाल्या, "एवरंसं पोर, त्याला काय कलतं?"

नील आत किंचाळला. त्या आवाजासरशी ऋतिकाला पान्हा फुटला. ब्लाउज भिजला, दूध माझ्या फळीवर गळले. मला ते सोसत नव्हते.

दीड महिन्याच्या लसीला ती आली नाही. ऐश्वर्याने फोन केला तर म्हणाली, "नंतर बघू."

नील अडीच महिन्यांचा असताना ती एकटीच आली. त्याला डांग्या खोकला झाला होता. चुकलेली लस त्याच खोकल्यावरची होती. तो माजिवड्याच्या इस्पितळात होता आणि तिथल्या डॉक्टरांनी मागितलेली लसींची नोंद तिला हवी होती.

"कसा आहे?" ऐश्वर्याने विचारले.

"ऑक्सिजनवर आहे. मी एक सुई चुकवली, सिस्टर. आता दिवसाला पाच-सहा टोचतात. आणि तिथेपण मी बाहेरच बसलेली असते."

ऐश्वर्याने नोंद लिहून दिली. नीलचे पुढे काय झाले, ते मला अजून कळलेले नाही.

मित्रांनो, बाळाला बोलता येत नाही, दुखते मात्र पुरते. त्याची लस चुकवू नका आणि लस टोचताना त्याला आईपासून तोडू नका. माझा एक पाय डुगडुगतो, पण एक आई आणि एक बाळ मी अजून पेलते. मला आत न्या.