एवारिस्तोच्या हातातलं मांजर

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या अंगाला व्हिनेगरचा वास येतो. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या! त्यानेच मला आंघोळ घालतात, त्याला मी काय करू?

मी एक जुनी डायलिसिसची मशीन आहे. ज्यांची मूत्रपिंडं दमून बसली, त्यांचं रक्त माझ्या नळ्यांतून येतं, गाळणीतून गाळलं जातं आणि स्वच्छ होऊन ज्याचं त्याला परत मिळतं. थोडक्यात, मी रक्ताची धोबीण! दिसायला म्हणाल तर उंच कपाट, पोटावर गरगरणारा पंप, डोक्यावर दिवा आणि खाली चार चाकं. त्यातलं एक कुरकुरतं. ते जन्मापासूनच कुरकुरं आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. बाहेर बर्फ साचलं होतं. शेवटची तपासणी करणाऱ्या बाईंनी माझी सगळी बटणं दाबून पाहिली, घंटा वाजवून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जा बाई, कुणाला दगा देऊ नकोस." मी तेव्हाच मनाशी ठरवलं, नाही देणार.

पहिली नोकरी लागली ती एका झकास केंद्रात. खिडक्यांना पडदे, प्रत्येक खुर्चीसमोर टीव्ही. माझ्या खुर्चीत वेंडेल आजोबा यायचे. जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली होती. सोमवारी यायचे, बुधवारी यायचे, शुक्रवारी यायचे. पाऊस असो, सण असो, त्यांचे वार ठरलेले. आल्यावर टीव्हीला शिव्या घालायच्या, मग घोरायला लागायचं. उठले की माझ्या अंगावर हात ठेवून म्हणायचे, "ही माझी पोरगी लाखात एक आहे!" नाताळात त्यांनी मला लाल फीत बांधली होती. मी किती मिरवले म्हणून सांगू! तेव्हा मला वाटायचं, जगातली सगळी आजारी माणसं अशीच वेळच्या वेळी येतात आणि घोरतात.

पुढे नव्या मशिनी आल्या, बोट लावलं की चालणाऱ्या. मला गाडीत घालून दक्षिणेला पाठवलं, पार टेक्सासच्या टोकाला. तिथे नदीच्या अलीकडे एक जुनं इस्पितळ होतं आणि पलीकडे मेक्सिको. वरच्या मजल्यावर एका भिंतीशी मला उभं केलं.

इथल्या रक्ताची चव अगदी तीच होती, मित्रांनो. खारट, थोडी लोखंडासारखी. पण ते इतकं मळून यायचं, की आठवडाभराची भांडी कुणी एकदम घासायला टाकावीत! माणसं धापा टाकत यायची, पाय सुजलेले, ओठ निळे. मला रागच यायचा. एवढा उशीर करतात? आळशी आहेत का ही माणसं?

मी चुकत होते. खरी गोष्ट मला मरिवीकमुळे कळली. मरिवीक आमची नर्स, फिलिपिन्सहून आलेली, हाताने चपळ आणि जिभेनेही. एक दिवस माझ्या नळ्या धुताना ती नव्या मुलीला समजावत होती, "ह्यांच्याकडे ह्या देशात राहायचे कागद नाहीत. म्हणून ठरलेला वार नाही, ठरलेली खुर्ची नाही. जीव धोक्यात आला तरच उपचार, असा नियम. खाली आधी रक्त तपासतात. पोटॅशियम पुरेसं चढलं असेल तर वर पाठवतात."

"आणि चढलं नसेल तर?"

"तर घरी. चढेपर्यंत."

माझा पंप चालू असता तर तिथेच अडकला असता.

अशाच माणसांत एवारिस्तो होता. फरशा बसवणारा गडी, मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातून तरुणपणी आलेला. खालच्या मजल्याच्या लांबलचक बोळातली फरशी त्यानेच बसवलेली. "कोपऱ्यात एक तरी फट दाखवा, मी मिशी काढतो," असं तो सगळ्यांना ऐकवायचा. मिशी शेवटपर्यंत शाबूत होती.

त्याच्या डाव्या हातात एका भल्या डॉक्टरने दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्या होत्या, म्हणजे माझी सुई नीट बसावी. अशा हातात रक्त जोरात वाहतं आणि त्वचेखाली सारखं गुरगुरतं. एवारिस्तो म्हणायचा, "मी हातात मांजर पाळलंय. बरं आहे, मांजराला कागद लागत नाहीत!" त्याची मुलगी नायेली लहानपणापासून त्या हाताला कान लावून ते मांजर ऐकायची. ती इथेच जन्मलेली, म्हणून तिच्याकडे कागद होते. बापाकडे नव्हते. एकाच घरातली, एकाच ताटातली माणसं!

शेजारच्या खुर्चीत असायच्या रेमेदियोसबाई, शाळेपुढे तमाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, विकणाऱ्या. नायेली त्यांना तिया म्हणायची, म्हणजे मावशी. एवारिस्तो म्हणायचा कोमाद्रे, म्हणजे नात्याची नसून घरची झालेली बाई. आकडा कसा चढवायचा, हे गुपित त्यांना ठाऊक होतं. इस्पितळाच्या आवारात गाडीत बसून संत्र्याचा रस प्यायचा आणि मग आत जाऊन तपासायला रक्त द्यायचं. संत्र्यात पोटॅशियम भरपूर, आणि ज्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय, त्यांना ते म्हणजे विषच; फार चढलं की हृदयच थांबतं. पण विष चढल्याशिवाय दार उघडत नाही ना!

"घोटभर, कळलं का?" त्या दम द्यायच्या. "आणि दार दिसत असेल तरच. घरी पिऊन निघालात, वाटेत गाडी अडली, तर थेट वर जाल. ह्या मजल्याच्याही वर."

"वर कागद विचारतात का हो, कोमाद्रे?"

"तुमचं तोंड बघून विचारतील!"

त्या जानेवारीत एवारिस्तोच्या डोक्यात एकच विषय होता. शनिवारी नायेलीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. त्यांच्यात पंधराव्याचा मोठा सोहळा असतो. सगळ्यांसमोर बाप गुडघ्यावर बसतो, मुलीच्या पायातले सपाट बूट काढतो आणि तिला पहिले उंच टाचेचे बूट घालतो. मग दोघं नाचतात. बूट आणून झाले होते, पांढरे, चमचमणारे. अडचण फक्त बापाच्या अंगात साचलेल्या पाण्याची होती. पाय सुजले की गुडघा वाकेना, खाली बसलं की श्वास पुरेना. म्हणजे शनिवारच्या आधी त्याला माझ्याकडे येणं भाग होतं.

आदल्या आठवड्यात माझ्याकडून धुऊन निघाल्यावर त्याला जरा हुशारी आली. तो रेमेदियोसबाईंसमोर गुडघा टेकून बसला. "थांबा, सराव करतो." त्याने त्यांची सपात उचलली आणि त्यांच्या पायात चढवायला लागला.

"अहो कोमाद्रे, हा पाय आहे की भोपळा?"

"भोपळाच आहे! पोरीचा पाय नाजूक आहे हो, तिला फरशीसारखं ठोकून बसवू नका."

मरिवीक इतकी हसली की तिच्या हातातली चिकटपट्टी तिच्याच बाहीला चिकटली. नायेली म्हणाली, "आपा, शनिवारी पडलात ना, तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही हं!" आपा म्हणजे बाबा. आपा तिच्याकडे बघून नुसते हसले.

मित्रांनो, आता पुढचं सांगताना माझाही आवाज कुरकुरतो.

गुरुवारी सकाळी एवारिस्तो एकटाच आला. कोमाद्रेंचं गुपित त्या दिवशी त्याने वापरलं नाही. त्याला वाटलं, आपण एवढे सुजलोय, डॉक्टरांना दिसेलच की. मी वर तयार होते. मला धुतलं होतं, पुसलं होतं, नळ्या भरून ठेवल्या होत्या. शेजारी रेमेदियोसबाईंचं रक्त दुसऱ्या मशीनवर चाललं होतं. मरिवीकने खाली फोन लावला.

"इथे खुर्ची रिकामी आहे. त्यांना वर पाठवा ना."

पलीकडचा तरुण डॉक्टर काहीतरी बोलला.

"थोडाच कमी आहे ना आकडा? मशीन माझ्यासमोर नुसती उभी आहे, डॉक्टर!"

तो पुन्हा काहीतरी बोलला. मरिवीकने फोन खाली ठेवला आणि बराच वेळ माझी पुसलेली काच परत पुसत राहिली. एवारिस्तो त्याच्याच फरशीवरून चालत घरी गेला.

शुक्रवारी सकाळी खालून फोन आला, तो धावत या असा. मरिवीकने मला जिन्याशेजारच्या लिफ्टमध्ये घातलं आणि त्या लांब बोळातून ढकलत पळाली. एरवी फटीत अडकणारं माझं कुरकुरं चाक कुठेही अडकलं नाही. तिथे फट नव्हतीच.

पलंगाभोवती गर्दी होती. एक जण एवारिस्तोची छाती दाबत होता, एक नर्स सुई टोचत होती. मरिवीकने माझी वायर भिंतीत खुपसली. माझा दिवा हिरवा झाला. मी आले, मी आले, आता फक्त नळी जोडा! पण धडधडणारं हृदय असल्याशिवाय रक्त माझ्यापर्यंत येत नाही, मित्रांनो. मला स्वतःला ते ओढून घेता येत नाही. थोड्या वेळाने छाती दाबणारा थांबला. गर्दी हळूहळू पांगली.

मग नायेलीला आत आणलं. पायात खेळाचे बूट, अंगावर शाळेचा जाड कोट. ती पलंगाशी गेली, आपाचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला कान लावला. कान लावून तशीच उभी राहिली. मग दुसरा कान लावून पाहिला.

"मांजर कुठे गेलं?" तिने मरिवीकला विचारलं.

मला बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझा हिरवा दिवा तसाच लागून राहिला.

शनिवार आला आणि गेला.

काही दिवसांनी रेमेदियोसबाई माझ्याच खुर्चीत आल्या. त्यांचा हात धरून नायेली आली होती. पंप फिरायला लागला.

"तिया," नायेली म्हणाली, "गुरुवारी त्यांनी आपाला परत पाठवलं ना, म्हणून मी संत्री पिळली. घरामागच्या झाडाची. शुक्रवारी आवारात गाडीत बसलो आणि आपा घोटभरच प्यायले. मीच म्हटलं, अजून प्या, आपा. आज त्यांना तुम्हाला परत पाठवू देणार नाही. बाटली संपवली त्यांनी. माझ्याकडे बघत संपवली."

रेमेदियोसबाईंनी डोळे मिटले. "शिकवलं मी, पोरी."

मरिवीक चिकटपट्टी हातात घेऊन उभी होती. "गुरुवारी फोन मी खाली ठेवला," ती म्हणाली. "भांडायला हवं होतं."

तिघींनीही दोष आपापल्या पदरात घेतला होता. नियम ज्याने लिहिला, त्याचं नाव तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. तो काही संध्याकाळी कुणाच्या हाताला कान लावून बघत नसणार.

"बूट कुठे आहेत?" रेमेदियोसबाईंनी विचारलं.

"खोक्यात."

काम संपलं. रेमेदियोसबाई सपाता चढवायला वाकल्या, पण वाकवेना. तेव्हा नायेली खाली बसली. एक गुडघा टेकून, अगदी नीट. त्यांचा सुजलेला पाय तिने मांडीवर घेतला आणि सपात हलकेच चढवली. ठोकून नव्हे.

आता मी तळघरात आहे. माझे सुटे भाग मिळत नाहीत म्हणे. अंगावर चादर टाकली आहे आणि व्हिनेगरचा वासही विरत चाललाय. गोष्टीतल्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात ना, आम्हाला जपा, आमच्यावर धूळ बसू देऊ नका? मला धुळीचं काही नाही. बसू दे.

पण मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी डॉक्टर व्हाल, कुणी दारावर बसाल, आणि कुणी नियमही लिहाल. दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवण्याआधी एकदा मागे वळून बघा. आत कुणी तयार होऊन, हिरवा दिवा लावून, त्याची वाट बघत उभं असेल. दार उघडा, एवढंच माझं मागणं आहे.

कारण त्या गुरुवारी मी बिघडलेली नव्हते, कुणाच्या कामात नव्हते. मला धुतलं होतं, भरलं होतं, आणि मी मोकळी होते.