खिडकीपुढची सूर्यफुलं

"भाऊजी, तुमच्याच्यानं होत नसेल तर व्हा बाजूला, मी कापते." शेजारची शिंपीण कोयता घेऊन फाटकात उभी होती. "वहिनींच्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो, शोभतं का हे?"

ऑपरेटर हलला नाही. मैलापाणी शुद्धीकरणाच्या केंद्रावर त्याची तीस वर्षं गेली होती आणि गल्ली त्याला ऑपरेटर म्हणूनच ओळखायची. त्याच्या मागे सूर्यफुलं उभी होती. बियांच्या पाकिटावर कमरेएवढी छापलेली ती झाडं उन्हाळा सरता सरता छपराच्या वर गेली होती. मनगटाएवढे दांडे, सुपाएवढी पानं, आणि फुलांची तोंडं इतकी उंचावर की बघताना टोपी पडावी. वारा नसतानाही आत कुठेतरी पानं घासल्याचा आवाज यायचा. खरं सांगायचं तर तिन्हीसांजेला त्यांच्याखालून जाताना खुद्द ऑपरेटरही भरभर पावलं उचलायचा.

"घालता तरी काय यांना?"

"खत."

"कुठलं ते सांगू नका," शिंपीण म्हणाली आणि कोयता घेऊन आपल्या मशीनवर परत गेली.

खत केंद्रावरचंच होतं, वाळवलेल्या गाळाचं. रोपाला दोन ओंजळी पुरे, पण हा बाबा घमेलीच्या घमेली ओतायचा. त्याला फुलं नकोच होती, आडोसा हवा होता. बायको दोन वर्षं डाव्या अंगानं लुळी होऊन खिडकीशी पडून होती. त्या खिडकीतून फाटक दिसायचं, वळणापर्यंतचा रस्ता दिसायचा. गाडी थांबली की तिची हाक ठरलेली, "अहो, बघा बरं, तोच असेल." ऑपरेटर फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. तो म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा केंद्राच्या ऑफिसात फोन आला होता. तो येणार नव्हता, कधीच नाही. हे बायकोला सांगायची छाती झाली नाही, म्हणून या भल्या गृहस्थानं खिडकीपुढे बी पेरलं. दिसलं नाही की वाट बघणं थांबेल, असा त्याचा हिशोब. आता याला काय म्हणावं?

तो आत गेला. पानांमधून येणाऱ्या हिरवट उजेडात बायकोचा चेहरा आजाऱ्याहून आजारी दिसत होता.

"कापायला आली होती ना ती? मग का नाही कापू दिलंत?"

"बघू पुढच्या आठवड्यात."

"महिनाभर झोप नाही मला. गाडी थांबल्याचा आवाज येतो, मग निघून गेल्याचा. फाटक काही दिसत नाही. तो येऊन परत गेला असेल तर?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस घमेली ओतून त्यानं तिचा जीव जास्तच टांगणीला लावला होता. तो पलंगाच्या कडेला बसला.

"तो आलेला नाही. येणारही नाही. फोन आला होता त्याचा."

"बरा आहे ना?"

"बरा आहे. लग्न केलंय. मोठ्या घरची आहेत माणसं."

"मग?"

"तिकडे त्यानं सांगितलंय की आईवडील नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे गेले. वारले."



"दोघंही?"

"दोघंही."

"कधी म्हणे?"

"ते नाही विचारलं मी."

"विचारायचं होतंत."

ऑपरेटरनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "माझ्या कामाची लाज वाटली असेल त्याला. माझ्यामुळे तूसुद्धा—"

"गप्प बसा. त्याच कामाच्या पैशावर शिकला तो."

एवढं बोलून ती थकली. ऑपरेटरला रडू फुटेल असं वाटत होतं, पण तेही धड येईना. शेवटी तो उठला. "कोयता आणतो तिच्याकडून. कापून टाकतो सगळी."

"राहू द्या. पलंग फिरवा माझा."

"कुठे?"

"भिंतीकडे."

लोखंडी पलंग जड होता. त्यानं औषधांचं स्टूल बाजूला सरकवलं आणि पायथ्याला खांदा लावला. पलंग बोटभर सरकला आणि अडकला. बायकोनं चालत्या हातानं खिडकीचा गज धरला आणि त्याला जड जाऊ नये म्हणून आपणच रेटा दिला.