बोंबील जोडीनेच टांगतात

मार्गशीर्षात सकाळी खाडीवरचं धुकं उठलं की दोरीवर टांगलेल्या बोंबलांतून ऊन आरपार जातं. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीच्या दोन अंगांना सोडायची, अशी इथली रीत आहे. बांबूंवर ताणलेल्या अशा दोऱ्यांच्या मांडवाला वलांडी म्हणतात. ऊन कोवळं असेपर्यंत ते मासे मासे वाटत नाहीत; काचेच्या पातळ फिती वाटतात. वारा आला की त्यांतून वाळल्या पानांची सळसळ ऐकू येते. पलीकडे आगरदांड्याहून दिघीला निघालेल्या फेरीबोटीचा भोंगा वाजतो आणि सळसळ क्षणभर थांबल्यासारखी वाटते. अनसूयाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते या उजेडात, या आवाजात.

बांधा लहान, पाठ ताठ, चष्म्याला जाळ्याचा हिरवा दोरा. बोलताना हात थांबत नसत. एका हाताने बोंबील उचलायचा, दुसऱ्याने जोडीदार, आणि जबडे अडकवताना वाक्यही पुरं करायचं. दुपारी जमिनीवर पसरलेली मांदेली दोन्ही तळव्यांनी पालथी घालत त्या पुढे सरकत, तेव्हा त्यांच्या मागे रुपेरी रंग उतरून पिवळसर रंग वर येत जाई. मी त्या काळी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो आणि त्यांच्याविषयी तालुक्याला माहीत असलेली एकच गोष्ट मलाही माहीत होती: कोळीवाड्यातली ही सुक्या मासळीची व्यापारी बाई देव मानत नाही.

अशा माणसामागे एखादं दुःख असणार, अशी माझी समजूत होती. मी तसं विचारलं.

"लोकं इचारतात, वहिनी, तुमचं झालं तरी काय?" त्या म्हणाल्या. "काय व्हायला पायजे? काय झालं न्हाय. इचार केला, तवा देव हाय असं न्हाय वाटलं. देवावर माजा राग बी न्हाय. रागवायला कुणी असावा लागतो."

हे सांगताना त्यांनी वलांडीजवळून जाणाऱ्या दामोदर बुवांना हात जोडले. बुवा देवळाच्या समितीचे अध्यक्ष आणि गावचे भजनी बुवा. पूजा आटोपली की रोज दहाच्या सुमारास ते वलांडीपाशी येत, एक टब पालथा घालून त्यावर बसत आणि वाद सुरू होई. निवडणूक, खाडीतलं बंदर, फेरीबोटीचं भाडं, आणि यांतल्या कशातूनही निघून शेवटी देव. बुवांचा आवाज पहाटेच्या काकड्याला होडीवरच्या माणसांना ऐकू जात असे. तो आवाज वादातही कमी होत नसे. बाईंचा आवाज हळू, पण दोरीला गाठ मारावी तसा प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवळलेला.

त्यांचा एक नियम होता आणि तो बाईंनी घातलेला होता. स्वतःचं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि ते समोरच्याने 'व्हय, हेच' म्हणून मान्य केल्याशिवाय पुढे जायचं नाही. कारण विचारल्यावर त्यांनी मांदेलीकडे बोट दाखवलं. "एका अंगानं सुकवलेली मासळी वरनं चांगली दिसते. दोन दिसांत वास मारते."

बुवांनी एकदा टबावरून विचारलं होतं, "वहिनी, मी मेल्यावर वर देव भेटला, तर तुमचं नाव सांगू की नको?"

"सांगा की. पन आदी माजी बाजू सांगा, मंग तुमची."

बुवा इतके हसले की टब सरकला.

या दोघांच्या मैत्रीची खरी परीक्षा ज्या जागेवर झाली ती जागा म्हणजे ही वलांडीचीच. ग्रामदेवतेच्या देवळासमोरचा हा मोकळा तुकडा पंचायतीच्या मालकीचा. समितीला तिथे सभामंडप हवा होता. कोळीवाड्यातल्या अकरा बायका तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळवत होत्या. त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. अंगण म्हणावं असं कुणालाच नाही. मंडप झाला असता तर अनसूयाबाईंचा धंदा त्या हंगामापुरता नव्हे, कायमचा गेला असता. निर्णय ग्रामसभेत व्हायचा होता.

ग्रामसभेचा दिवस बुवांनीच सुचवला. सप्ताहाच्या काल्याचा दुसरा दिवस. मुंबई-पनवेलचे चाकरमानी काल्याला आलेले असतात, एक रात्र राहतात. देवळाच्या बाजूचे हात जास्त वर होतील, हा साधा हिशोब. बाईंना तो कळला होता. "दिवस चांगला काढलात, बुवा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

बुवा एक गोष्ट विसरले. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि नामस्मरण थांबत नाही. पाळीचे दोन गायक कारखान्यात रजा न मिळाल्यामुळे आले नाहीत. त्यांच्याही पाळ्या बुवांनी स्वतःवर घेतल्या. काल्याच्या कीर्तनात ते शेवटपर्यंत गायले, दहीहंडी फुटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोंड उघडलं तेव्हा घशातून फक्त वारा आला.

शाळेच्या पडवीत सभा भरली. सरपंचबाई मधे, त्यांच्या बाजूला वही उघडून ग्रामसेवक, समोर सतरंजीवर गाव. पहिला विषय जागेचा. बुवा उठले, दोनदा खाकरले, गळ्याला हात लावून खाली बसले. पडवीत कुजबुज झाली. सात दिवस जो आवाज गावाने ऐकला, तो नेमका आज नव्हता.

तेव्हा रोशन उभा राहिला. वय तिशीचं, नवी मुंबईतली नोकरी, समितीचा नवा चिटणीस. "मॅडम, पॉइंट एकच हाय," तो सरपंचबाईंना म्हणाला. "ज्या बाईचा देवावर विश्वास न्हाय, तिचा देवळाच्या जागेशी संबंध काय? तिला बोलायचा हक्कच न्हाय. विषय संपला."

मागून काहींनी मान हलवली. अनसूयाबाई बसल्या जागी चष्मा पुसत राहिल्या. हे वाक्य आयुष्यात केव्हातरी येणार हे माहीत असलेल्या माणसाचा चेहरा असा असतो. मी वहीत वाक्य उतरवून घेतलं. बातमीचा मथळा मला मिळाला होता.

आणि टाळ वाजला. एकच ठोका. सात दिवस वाजून तापलेला तो पितळी आवाज पडवीच्या पत्र्याला लागून परत आला. बुवांनी पिशवीतून टाळ काढले होते. त्यांनी रोशनला हाताने बसायची खूण केली, खिशातून घडीचा कागद काढला, सतरंजीवरून चालत पलीकडे गेले आणि तो कागद अनसूयाबाईंच्या हातात दिला.

बाईंनी कागद पाहिला, मग बुवांकडे पाहिलं. "ह्यो तुमचा मंडपाचा कागद हाय. मी मांडू?"

बुवांनी मान डोलावली.

"बरा. मी माज्या मनाचं काय घालनार न्हाय. चुकलं तर टाळ वाजवा."

त्यांनी मंडपाची बाजू मांडली. पालखी पाहायला म्हातारी माणसं चैत्राच्या उन्हात उभी राहतात. गरिबाच्या लग्नाला भाड्याचा मांडव परवडत नाही. पाऊस आला की भजन घरोघर विखुरतं. त्या 'उत्सव चार दिवस' म्हणाल्या तेव्हा टाळ वाजला; बुवांनी पाच बोटं दाखवली. "पाच," बाई म्हणाल्या, "मी मोजत न्हाय, म्हनून चुकले." गाव हसलं. मग त्यांनी कागद मिटला. "एक गोष्ट हितं लिवलेली न्हाय. बुवांची आई शेवटच्या वर्षी पालखीला उभी होती. ऊन सोसलं न्हाय, म्हनून तिला घरात नेली. तेवढ्यात पालखी म्होरं गेली. तिला दिसली न्हाय. मंडप असता तर दिसली असती."

टाळ वाजला नाही. बुवांनी ते मांडीवर उपडे ठेवले होते. मंडपाच्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या कुणासाठी वाजवतोय हे ध्यानात आल्यावर ते मधेच थांबले.

"आता टाळ ठेवा," बाई म्हणाल्या. "आता माजी बाजू."

स्वतःची बाजू त्यांनी त्याहून थोडक्यात मांडली. अकरा घरं, एक जागा, दुसरी नाही. "मी देव मानत न्हाय. पन तुमी मानता त्यो देव बारा महिन्यांचा हाय. आमचा बोंबील चार महिन्यांचा. घाई कुनाला हाय, ते तुमीच बघा."

हात वर करायची वेळ आली. तेवढ्यात बुवांनी कागद परत मागून घेतला, पाठीमागे काही लिहिलं आणि पुन्हा बाईंकडेच दिला. बाईंनी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "मंडपाला पत्रा नको, स्लॅब. जिना बाहेरून. खाली भजन, वर बोंबील."

पडवीत जो गलका झाला त्यात मला स्पष्ट ऐकू आलेलं वाक्य एका आजोबांचं: "आरतीला सुक्याचा वास?" त्यावर कुणीतरी म्हणालं, "जन्मभर काय अत्तर लावून आरती केलीस?" हसणं ओसरल्यावर अनसूयाबाई पुन्हा उठल्या. त्यांना आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "खारवलेली मासळी वर चढवायची न्हाय. मिठाचं पानी स्लॅबात उतरलं की सळई खातं. देऊळ बी जाईल नि आमी बी. नुसता बोंबील वर. त्याला मीठ लागत न्हाय." खारवलेल्या मासळीचा त्यांचा निम्मा धंदा होता. तो त्यांनी त्या एका वाक्यात कुंपणाकडेच्या अरुंद पट्टीवर नेऊन ठेवला.

ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. "मंडपाच्या बाजूने बोलल्या अनसूयाबाई. विरोधात अनसूयाबाई. दुरुस्ती बुवांची, वाचली अनसूयाबाईंनी, दुरुस्तीला दुरुस्ती परत अनसूयाबाईंची. इतिवृत्तात सूचक म्हणून लिहू कुणाला?"

"दोगांना," सरपंचबाई म्हणाल्या. "नि सह्या एकाच ओळीवर घ्या."

हात वर झाले. रोशनचा सर्वांत शेवटी, खांद्यापर्यंतच.

मी बातमी जशी घडली तशी लिहून पाठवली. उपसंपादकाला वाटलं, माझ्याकडून नावांची गफलत झाली. त्याने ती 'सुधारली'. सकाळी छापून आलं की सभामंडपाची जोरदार मागणी अनसूयाबाईंनी केली आणि दामोदर बुवांनी तिला कडाडून विरोध केला. मी खुलासा घेऊन गावात गेलो, तेव्हा बुवा टबावर बसले होते. आवाज अर्धा परत आला होता. "खुलासा नको," ते म्हणाले. "बातमी खोटी न्हाय. पालथी घातलीय तेवढी, दुसऱ्या अंगाला ऊन लागू दे." ते कात्रण त्यांनी भजनाच्या वहीत ठेवलं.

मंडप झाला. गुडघे दुखणाऱ्या दोघीजणी जिन्याला अजून शिव्या देतात. आजोबांची वासाची तक्रार मिटलेली नाही. वर वारा चांगला लागतो आणि बोंबील एक दिवस आधी वाळतो, असं अनसूयाबाई म्हणतात. तो देवाचा आशीर्वाद असं बुवा म्हणत, आणि उंचीचा गुण असं बाई. काकड्याच्या वेळी खालून टाळ आणि वरून सळसळ असे दोन आवाज एकत्र येत, आणि लांबून त्यांतला कुठला कुठला हे सांगता येत नसे.

दोन वर्षांपूर्वी आषाढात बुवा गेले. पाऊस इतका होता की दिघीची फेरी बंद होती. भजन मंडपात झालं. अनसूयाबाई एका खांबाशी संपेपर्यंत उभ्या होत्या, हात न जोडता, हात न हलवता. त्यांचे हात रिकामे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पालथा टब त्यांनी वर गच्चीवर नेऊन ठेवला आहे. त्यात मासळी भरत नाहीत.

कुणीतरी त्यांना म्हणालं, आता तुम्हाला अडवणारं गावात कुणी नाही. "म्हनून तर पंचाईत हाय," त्या म्हणाल्या.

या हिवाळ्यात त्यांनी ग्रामसभेपुढे विषय ठेवला: उत्सवातला लाउडस्पीकर नऊ वाजता बंद व्हावा. मी आता बातमीदार नाही. सवयीने गेलो होतो. बाई उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "आदी बुवांची बाजू." बुवा असते तर काय म्हणाले असते ते त्यांनी सांगितलं: चाकरमानी शेवटच्या गाडीने येतो, दमलेला, उपाशी, गावाच्या वेशीवर त्याच्या कानावर एक तरी अभंग पडायला हवा, नाहीतर तो आला कशाला? म्हणून साडेनऊ. त्या थांबल्या. टाळाची वाट पाहावी इतका वेळ थांबल्या.

टाळ वाजला. मागच्या रांगेत रोशन होता. बुवांचे टाळ आता त्याच्याकडे असतात.

"वहिनी, चुकलात. बुवा साडेनऊवर मानले नसते. दहा."

बाईंनी चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. मग ज्या आवाजात त्या आयुष्यभर फक्त एकाला उत्तर देत आल्या होत्या, त्या आवाजात म्हणाल्या, "व्हय. हेच. दहा." आणि पदर पुन्हा खोचून, "आता माजी बाजू."

माणूस गेल्यावर काय उरतं, यावर त्या दोघांचं टबावर आणि वलांडीखाली कधीच एकमत झालं नाही, आणि आता तो वाद पुरा व्हायचीही सोय नाही. मी एवढंच पाहिलं की काळाने दोरीच्या एका अंगाचं वजन नेलं होतं, तरी दुसरं अंग खाली आलं नव्हतं. पलीकडचा जबडा अजून घट्ट अडकलेला होता.