दगडांच्या तलावातली समुद्री कयाक

मी एक जुनी समुद्री कयाक आहे. हैदराबादबाहेरच्या एका तलावाकाठी जलक्रीडा मंडळाची पत्र्याची शेड आहे. तिच्या तुळयांना मला दोरांनी उलटी टांगून ठेवले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा उसासे टाकतात. मी उसासे टाकणार नाही. मला राग आला आहे आणि तो का आला, हे तुम्ही नीट ऐकून घ्यावे एवढेच माझे मागणे आहे.

कयाक म्हणजे निमुळती, वरून झाकलेली होडी. मधल्या पोकळीत एकाच माणसाने पाय लांब करून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आळीपाळीने डावीउजवीकडे मारायचे. माझा जन्म एका थंड देशातल्या समुद्रकाठच्या कारखान्यात झाला. काचतंतूंचे थर साच्यात एकावर एक बसवून कारागिरांनी मला घडवले. सतरा फूट लांबी आणि दोन फुटांहूनही कमी रुंदी. लाटा कापत मैलोन्मैल सरळ जाणे, हे माझे काम. पटकन वळणे मला जमत नाही. तो माझा दोष नव्हे, ती माझी घडण आहे. ही गोष्ट लपून राहू नये म्हणून कारागिरांनी माझ्या पोटात एक पुस्तिका बांधून दिली. खोल, मोकळ्या पाण्यासाठी आणि शिकलेल्या हातांसाठीच ही होडी वापरावी, असे तिच्या पहिल्याच पानावर छापले होते.

ती एक्क्याण्णवनंतरची वर्षे होती. परदेशी मालाला देशाची दारे उघडू लागली होती आणि कोणत्याही वस्तूच्या आधी 'इंपोर्टेड' हा शब्द लागला की माणसे खुर्चीत सावरून बसत. मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव यांचे सुलतान बाजारात कापडाचे दुकान होते. माणूस उमदा, पण साऱ्या जगाची पारख कापडासारखी करणारा. परदेशी होड्यांची चित्रे असलेले पुस्तक त्यांच्या हाती आले, तेव्हा त्यांनी त्यातली सर्वांत लांब आणि सर्वांत चकचकीत होडी निवडली. त्याच पानावर आखूड, रुंद, सपाट तळाची एक होडी होती. ती दिसायला परातीसारखी आहे, असे म्हणून त्यांनी पान उलटले. आपल्या तलावात पाणी किती आणि त्याखाली काय आहे, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढलाच नाही.

मी आले त्या दिवशी माझ्या टोकावर नारळ फुटला, हळदकुंकू लागले, झेंडूचा हार चढला. एकनाथरावांनी दोन बोटांच्या चिमटीत माझी कड धरून अंगठा फिरवला आणि फिनिशिंगची तारीफ केली. माझ्या पोटातली पुस्तिका मात्र न उघडताच कपाटात गेली.

त्या गर्दीत अंबाजी मागे उभा होता. सपाट तळाच्या लाकडी होडीतून तो वीस वर्षे लोकांना या काठावरून त्या काठावर नेत होता. शेवटी तो पुढे आला आणि म्हणाला, "साब, ही लांबडी इथं नक्को. पाण्याखाली बंडे हैत, हत्तीएवढे. ही मोड कुठं घेणार?"

बंडे म्हणजे मोठाले दगड. हा प्रदेशच दगडांचा आहे. काही वर दिसतात, काही वीतभर पाण्याखाली दबा धरून असतात. त्यांच्यामधल्या जागेत जलपर्णी माजलेली.

"अंबाजी, तू कोथिंबिरीच्या टोपल्या नेणारा माणूस," एकनाथराव हसत म्हणाले. "फॉरेनच्या चीजेतलं तुला काय मालूम?"

लोकही हसले. मित्रांनो, त्या दिवशी माझे कौतुक चालले होते आणि मी सुखावले होते. याची मला आजही लाज वाटते.

त्या वर्षी मंडळाने प्रथमच एका मुलीला शिकायला घेतले. तिचे नाव त्रिवेणी. ती विद्यानगरला राहायची, विद्यापीठात भूगोल शिकायची आणि सकाळच्या पहिल्या बसने तलावावर यायची. ठरले असे होते की फेब्रुवारीत पाहुण्यांसमोर तिने मला तलावात रोवलेल्या झेंड्यापर्यंत नेऊन परत आणावे. जमले तर पुढच्या महिन्यापासून मुलींचा वर्ग सुरू होईल. अकरा मुलींनी नावे देऊन ठेवली होती. तिने दोन महिने मेहनत केली. मी डुगडुगत होते, ती तोल सांभाळत होती. आखूड होडी मिळेल का, असे तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिला सांगण्यात आले की इतकी भारी होडी मिळाली आहे, तर तक्रार करू नये.

फेब्रुवारीपर्यंत पाणी खूप उतरले. त्रिवेणीने मला झेंड्यापर्यंत सरळ नेले. टाळ्या पडल्या. परतण्यासाठी एका दगडाला वळसा घालायचा होता. तिने जोर लावला, पण माझी सतरा फूट लांबी त्या बोळात कशी वळावी? माझे सुकाणू जलपर्णीच्या देठांत गुरफटले, टोक बुडालेल्या दगडावर चढले आणि मी कलंडले. सुकाणू पायाने फिरवायच्या पट्टीत तिचे पाऊल अडकले. ती डोके खाली आणि पाय माझ्या पोटात, अशी पाण्याखाली राहिली. मला तिला मोकळे करायचे होते. वस्तूला हात नसतात.

अंबाजीने आपली होडी त्याच दगडांवरून बिनदिक्कत रेटत आणली, पाण्यात उडी टाकली आणि तिला ओढून काढले. तिच्या घोट्याचे हाड मोडले होते. ती वाचली.

आता माझ्या रागाचे कारण ऐका. त्याच आठवड्यात समितीची बैठक याच शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत झाली. रोजनाम्यात एकनाथरावांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: 'प्रशिक्षणार्थीच्या निष्काळजीपणामुळे अपघात. मुलींना हा खेळ झेपत नाही. वर्ग रद्द.' त्याखाली त्रिवेणीने सही करावी, म्हणजे प्रकरण मिटेल, असे तिला सांगण्यात आले.

ती कुबडीवर आली होती. तिने सही केली नाही. तिने कपाटातली पुस्तिका मागून घेतली, उघडली आणि पहिले पान मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवले. मग एकनाथराव म्हणाले, "ते तिकडच्या लोकांसाठी असतं, बेटा."

"काका, दगड तर इकडचे आहेत ना?" ती म्हणाली. "अंबाजीमामांनी सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

वर्ग रद्द झाला, तिचे नाव कमी झाले आणि मला अपशकुनी ठरवून इथे टांगले. अकरा मुली घरी राहिल्या. एक माणूस चूक कबूल करत नाही, म्हणून अकरा जणींचे पाणी तुटावे, हा कुठला न्याय?

पण त्रिवेणी थांबली नाही. घोटा सांधल्यावर तिने अंबाजीबरोबर बांबूने सारा तलाव मोजला. कुठे किती खोली, कुठे दगड, कुठे जलपर्णी, हे कागदावर उतरवले. त्या नकाशावरून अंबाजीच्या ओळखीच्या सुताराने प्लायवूडची एक होडी केली. नऊ फूट लांब, चांगली रुंद, तळ सपाट, सुकाणू नाही, वरून उघडी. उलटली तर माणूस सहज बाहेर पडेल. समोरच्या काठावर तिच्याकडे शिकायला पाच मुली आल्या, पुढच्या वर्षी चौदा झाल्या. पत्र्याच्या फटीतून मला त्या दिसतात. ती परातीसारखी होडी दगडांमधून गिरक्या घेत जाते, तेव्हा मला तिचा हेवा वाटत नाही. ती तिच्या पाण्यात आहे.

चार वर्षांनी मुलींच्या या वर्गाच्या बातमीबरोबर वर्तमानपत्रात त्रिवेणीचा फोटो आला. तेव्हा एकनाथराव शाल-श्रीफळ घेऊन तिला याच शेडमध्ये भेटले. ती मंडळाचीच विद्यार्थिनी आहे, असे त्यांना वार्षिक अहवालात छापायचे होते.

"शाल राहू द्या, काका," ती म्हणाली. "रोजनाम्यातली ती ओळ खोडा. तुमच्याच हाताने."

त्यांनी खिशातले पेन काढले. बराच वेळ हातात धरले आणि पुन्हा खिशात ठेवले. जुने दप्तर असे बिघडवता येत नाही, एवढे बोलून ते शाल घेऊन परत गेले.

मित्रांनो, मला खाली उतरवून पुसा, रंगवा, असे मी म्हणणार नाही. होडी निवडण्याआधी पाणी पाहा, आणि ज्याने ते रोज पाहिले आहे त्याला विचारा. तरीही चूक झालीच, तर ती बुडणाऱ्याच्या नावावर लिहू नका. तो रोजनामा माझ्या खालच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही. एक रेघ ओढायला असा किती वेळ लागतो?