सून भांडेना

माझी सून दिपमाला हल्ली उलटून बोलत नाही. सांगा, हे वागणं झालं का? नऊ वर्षं आमचं वांग्याच्या देठावरूनही वाजायचं. मी एक बोलायची, ती दोन. तिसरं मी, कारण सासू मी. जळगावात मेहरूणमधली आमची शेजारीण पुनम चहाचा कप घेऊन ओट्यावर ऐकायला बसायची.

दिवाळीनंतर दिपमालानं कॉलेजात हिवाळी सत्राला नाव घातलं. मानसशास्त्र. आठवड्यातून तीन दुपारी. मी तिसरी शिकलेली. मला वाटलं, शिवणक्लाससारखं असेल, चार दिवसांत कंटाळेल. कसली कंटाळते! समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं ते तिथं शिकवतात म्हणे, आणि सरावाला घरात मी आयतीच.

"दिपमाला, हे भरीत शे का तेलाचा घाणा?"

"तुम्हाला भरीत आवडलं नाही असं दिसतंय, आई."

"तुझ्या आईनं हेच शिकवलं का?"

"हं. अजून सांगा."

तिची आई काढली तरी पेटेना! मुलगा प्रेमराज खूश. म्हणे, घरात किती शांतता आहे. मेलं स्मशानातही असते.

संक्रांतीनंतर तिची परीक्षा होती. त्याआधी नाव काढून टाकायचं, असं मी प्रेमराजला ठणकावून सांगितलं. इरकली नेसले, रिक्षा केली, वाटेत चार शिव्या घोकल्या आणि तिच्या सुलक्षणा मॅडमसमोर जाऊन उभी राहिले.

"बसा अक्का. काय झालं?"

"सून भांडत नाही."

"हं."

एवढंच. पुढे ती बाई एक अक्षर बोलली नाही. आणि समोरचा गप्प असला की माझं तोंड थांबत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. भरतापासून निघाले ती थेट धुळ्याला, माझ्या सासरी पोचले. माझी सासू तानुबाई कधी मारायची नाही, शिव्या द्यायची नाही. चुकलं की बोलणंच बंद. एकदा दूध उतू गेलं, तर सोळा दिवस. ताट पुढे सरकवायची, हाक मारायची नाही. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेला वाट्टेल ते बोलेन, पण अबोला धरणार नाही.

सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ग्लास पुढे केला. मी प्याले, पदर सारखा केला, त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं आणि निघाले. रिक्षात बसल्यावर आठवलं, नाव काढायचं राहिलंच! शिव्या द्यायला गेले आणि तिळगुळाचं आवतन देऊन आले. अशी मी खमकी.

दिपमाला दारातच उभी होती. प्रेमराजनं सांगितलेलं दिसत होतं.

"काढलं माझं नाव? दोन महिने पहाटे उठून स्वयंपाक करून जाते मी! मला एका शब्दानं विचारलं तरी का? तुमचं आपलं नेहमीचंच, मनात आलं की चालल्या पदर खोचून!"

ओट्यावर पुनम आली. मला इतकं बरं वाटलं, की चप्पल काढायचं विसरले.

"नाही काढलं," मी म्हटलं. "परीक्षा दे आणि पहिली ये. बठ्ठ्या जळगावचं, अख्ख्या गावाचं ऐकून घे, हं हं कर. पण माझ्याशी अस्संच बोलायचं. ऐकून घेणारी सून मला सोसायची नाही!"