ट्रंकेत पुरलेला विस्तव

हिर्डोशीला विजेचे खांब अजून यायचे होते. त्याआधीच ठकुबाईच्या नवऱ्यानं, चिमाजीनं, ओढ्यावर लाकडी चाक बसवलं, त्याला मोडीतल्या लॉरीचा डायनामो जोडला आणि मारुतीच्या देवळात दिवा लावला. कोयनेच्या वीजघरात अकरा वर्षं खलाशी, म्हणजे यंत्रावरचा हरकाम्या होता तो. त्या अकरा वर्षांत नवरा तिला शिमग्याला नि गणपतीलाच दिसायचा, पाहुण्यासारखा. चाकापायी तो घरी राहिला, म्हणून ठकुबाईनं चाकाला हळदकुंकू वाहिलं.

माघ सरता सरता ओढा बारीक झाला. सरपंच आनंदराव म्हणाले, "सांजचं पाणी गव्हाला. चाक दिवसा फिरवा."

"दिवसा दिवा लावून काय सूर्याला वाट दावू?" चिमाजी म्हणाला.

"शनवारच्या भजनाला दिवा लागला तर ऱ्हाऊ द्या चाक. न्हाईतर त्याची फळकुटं होळीत."

घरी येऊन चिमाजीनं हिरवी पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि कपडे भरायला घेतले. पुन्हा कोयना! ठकुबाईनं ट्रंकेचं झाकण धरलं.

"अवं, दिवसाची वीज सांजंसाठी ठिवता येत न्हाई व्हय?"

"वीज कुठली ठिवतीस? ठिवायची तर ऊब..." चिमाजी सदऱ्याची घडी हातात धरून थांबला. मग उडालाच. "ठकू! दिवसा विजेच्या तारंनं दगड लाल करायचे. सांजला त्यांच्यावर केटली. केटलीची वाफ चकतीवर. चकतीला सायकलचा डायनामो!"

दुसऱ्या दिवशी ओढ्यातले गुळगुळीत गोटे आले, त्यांना शेगडीची तार गुंडाळली. दुपारी फाट्‌! एक गोटा फुटून कौलातून आरपार गेला. फाट्‌, फाट्‌! कोंबड्या शेजाऱ्याच्या छपरावर. ठकुबाई तोंडात पदर कोंबून उंबऱ्यात बसकण मारून हसली.

"वड्याचा दगड चुलीला कुणी लावतं का? पाणी प्यालेला असतोय त्यो. पोरीसोरींना ठावं हाय."

"मला कोण सांगणार? अकरा वर्षं मेसमधी जेवलोय."

ती हसायची थांबली. मग उठून न्हाणीच्या भिंतीच्या दहा विटा काढल्या. त्या लाल झाल्या खऱ्या, पण तार सोडल्यावर घटकाभरात काळ्या पडल्या.

"उघड्यावर ठिवल्यावर दुसरं काय व्हनार? म्या रोज रातीला चुलीतला विस्तव राखंत पुरती, सकाळी फुकला की पेटतोय." असं म्हणून तिनं ट्रंकेतले सदरे, धोतरं, आरसा सगळं जमिनीवर उपडं केलं. रिकाम्या ट्रंकेत भाताच्या तुसाची राख ओतली आणि मधोमध तार गुंडाळलेल्या विटा रचल्या.

"अगं, माजी ट्रंक!"

"आता तिला काम लागलंय."

गुरुवारपासून तीन दिवस चाकाची सगळी वीज ट्रंकेत गेली. शनिवारी दिवस कलताना ओढ्याचं पाणी गव्हाकडं वळलं, चाक थांबलं. तार सोडून चौघांनी ट्रंक बांबूला बांधून देवळात आणली, पालखीच्या थाटात. पुढं टाळ वाजत होते. ट्रंकेतल्या राखेवर केटली ठेवली. तिचं झाकण तारेनं आवळलेलं, तोटीसमोर रॉकेलच्या डब्याची कापलेली चकती.

वाफ आली, पण उदबत्तीच्या धुराएवढी. चकती हलेना. आनंदराव खाकरले. "होळी आलीच की जवळ."

ठकुबाई पुढं झाली, उलथन्यानं राख बाजूला सारली आणि केटली थेट विटांवर दाबली. केटली गरजली! चकती किंचाळत फिरली आणि सायकलचा दिवा लागला, बोराएवढा, पिवळाधमक.

भजनकरी अभंगाची ओळ विसरले. मृदंगवाला उठून नाचायला लागला, तशी म्हातारीकोतारीही नाचली. दोन अभंग होईतो दिवा जळला.

"एवढ्याशा उजेडात पोथी दिसायची न्हाई," आनंदराव म्हणाले.

"मानूस दिसतंय की!" ठकुबाई म्हणाली. नाकाला राख लागलेला चिमाजी तिला चांगला दिसत होता.

आनंदराव हसले. "ऱ्हाऊ द्या चाक. फुडच्या टायमाला मोठा दिवा पायजे."

"त्याला मोठी ट्रंक लागंल," चिमाजी म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं ट्रंक न्याहाळली. हिरवा रंग जळालेला, बूड वाकलेलं. "ही तर गेली. आता कपडे कशात भरू?"

"कोन चाललंय कुठं?" ठकुबाईनं त्याचे सदरे खुंटीला लावले.

सकाळी तिनं राखेत हात घातला. विटा अजून ऊन होत्या. तिनं त्यांच्यावर त्याच्या आंघोळीचं पाणी ठेवलं.