तांब्याच्या चार वायसरी

न्हावऱ्याच्या अलीकडं महेंद्रचा जुना ट्रक एकदा खोकला, दोनदा खोकला आणि बाभळीखाली येऊन गप्पच बसला. मागच्या हौद्यात वडगाव रासाईच्या वीस-बावीस बाया, आणि त्यांच्या मधोमध गोधड्यांत गुंडाळलेले बुद्ध.

सहा वर्षं बायांनी घराघरांतून हंडे, कळशा, तांबे मागितले होते. ते याच ट्रकनं पुण्याला ओतायला गेले आणि आज मूर्ती होऊन गावाला निघाले होते. कुणाचं भांडं मूर्तीत कुठं गेलं असेल, यावरून शिक्रापूरपासून भांडण चाललं होतं.

"माझी कळशी कानातच गेली आसंल," नकुशी म्हणत होती. "म्हनून तर त्यो समद्यांचं ऐकतोय!"

प्राची, महेंद्रची लेक, उडी मारून खाली उतरली. दौंडला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून तिला महिना झाला होता, पण बापानं आपल्या ट्रकला तिचा हात लागू दिला नव्हता. तिनं बॉनेट उघडून पाहिलं. डिझेल फिल्टरच्या वरच्या भागाला केसाएवढी चीर, आणि तिच्यातून डिझेलची धार.

"पप्पा, अख्खी असेंब्ली बदलावी लागंल."

"तू हो बाजूला. मच्छिंद्रला फोन केलाय. तासाभरात त्याची पिकअप येती. मूर्ती तिच्यात घालू."

हौद्यातल्या बाया 'नाय, नाय' करू लागल्या. महेंद्रची आई जाईबाई फाळक्यावर हात टेकून उभी राहिली.

"भांडी ज्या गाडीनं गेली त्याच गाडीनं बुद्ध येनार, आसं बायांचं ठरलंय, महेंद्रा. तासभर हाय ना? मंग त्यो पोरीला दे."

महेंद्र बॉनेटपासून दोन पावलं मागं सरला. प्राचीला तेवढं पुरे होतं. एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागं बसून ती न्हावऱ्याला गेली आणि वीस मिनिटांत नवी असेंब्ली पोटाशी धरून परत आली. बोल्ट खोलले, जुनी असेंब्ली उतरवली, नवी चढवली, दोन्ही नळ्या जोडल्या. डिझेल ओढायचा हातपंप मारून चावी फिरवली. ट्रक गुरगुरला! बायांनी टाळ्या पिटल्या. मोजून दहा टाळ्या झाल्या असतील, तोवर ट्रक पुन्हा मुका झाला.

नळ्यांच्या जोडावर डिझेल पाझरत होतं आणि तिथूनच हवा आत शिरत होती. असेंब्ली नवी, पण जोडावरच्या तांब्याच्या चार वायसरी, गळती रोखणाऱ्या चकत्या, जुन्याच होत्या. दुकानात त्या मापाच्या संपल्या होत्या, आणि या वर्षानुवर्षं दाबून दगड झालेल्या.

"सांगत व्हतो," महेंद्र म्हणाला. अर्धा तास उरला होता.

प्राचीनं वायसरी काढून तळहातावर घेतल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण हात काळे; पुसायची सोय नव्हती. जाईबाई हळूच शेजारी येऊन टेकली.

"तांबं हाय का गं?"

"व्हय आजी. लई कडक झालंय."

"मंग ते रुसलंय. माझी घागर चेपली तवा तांबट काय करायचा ठाव हाय? आदी भट्टीत लाल करायचा, पान्यात बुडवायचा, आन् मंग ठोकायचा. लोन्यावानी मऊ व्हायचं बघ."

प्राची ताडकन उठली. हेच तर सरांनी एकदा सांगितलं होतं! वहीत लिहिलं होतं, वहीतच राहिलं होतं. ती वायसरी घासून-पुसून, तारेत ओवून समोरच्या गिताबाईच्या चहाच्या टपरीकडं पळाली.

"आता वायसरींचा चहा करती का काय?" महेंद्र ओरडला. बाया हसल्या, पण सगळ्या टपरीपाशी गोळाही झाल्या.

गॅसच्या निळ्या जाळात तांबं काळवंडलं, मग जांभळं झालं, मग पिकल्या बोरासारखं लाल. पाण्यात टाकताच चर्र! चार वायसरी, चार चर्र.

पुन्हा जोडणी. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून प्राचीनं हातपंप धरला. घाईत ठेका चुकत होता. जाईबाईनं जात्यावर बसल्यासारखी मांडी घातली आणि गळा सोडला.

"माझी तांब्याची घागर, दिली गं मी वितळाया,
बुद्ध निघालं गावाला, चला सयांनो भेटाया."

बाकीच्यांनी ओवी उचलली. ओवीच्या प्रत्येक झोकाला पंपाचा एक दाब. स्क्रूमधून आधी नुसता फेस आला. मग बुडबुडे. मग थोडे बुडबुडे. मग एकही बुडबुडा नसलेली, काचेसारखी नितळ धार! प्राचीनं स्क्रू आवळला, जोडावरून बोट फिरवलं. बोट कोरडं.

"पप्पा, मारा!"

ट्रक असा गर्जला की बाभळीवरचे होले भुर्रकन उडाले. सगळ्या बॉनेटभोवती जमल्या. एक मिनिट. दोन. पाच. ट्रक आपला गातोच आहे!

तेवढ्यात मच्छिंद्रची पिकअप येऊन थांबली. "कुठाय मूर्ती?"

महेंद्रनं एकदा लेकीकडं पाहिलं. "मूर्ती हितंच ऱ्हाईल. तू म्होरं चाल. हॉर्न वाजवत जा, माझ्या मिस्त्रीनबाईच्या गाडीला वाट कर."

बायांनी हात देऊन प्राचीला हौद्यात ओढलं. ती मूर्तीपासून लांब, कडेला उभी राहिली. "हात काळं हायेत," ती पुटपुटली.

जाईबाईनं गोधडीचं टोक सारलं आणि नातीचा काळा हात धरून बुद्धाच्या पावलावर ठेवला.

"ठेव. हिथंच माझी घागर हाय."

"कशावरनं?" नकुशी लगेच म्हणाली, आणि पुन्हा सुरू झालेलं भांडण वडगावापर्यंत चाललं.